इंजिनं शिका, राज्य शिकू नका!



दिल्लीत बसलेल्या एका मंत्रालयानं २०२२ च्या फेब्रुवारीत एक वाक्य लिहिलं. दिसायला गरीब गाय. पण शिंगं नेमकी आपल्या पोटाकडं वळवलेली.

मंत्रालयाचं नाव सामाजिक न्याय आणि अधिकारिता. नाव बघा! न्याय त्यात, अधिकारही त्यात. या मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप म्हणून एक योजना आहे. १९५४-५५ पासून चालत आलेली. परदेशातल्या विद्यापीठात एम.ए., पीएच.डी. करायला ती आपल्या पोरापोरींना पैसे देते. एवढ्या अवाढव्य देशात वर्षाला जागा १२५. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांना. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे. म्हणजे योजना कुणासाठी? ज्याच्या बापाला विमान फक्त डोक्यावरून जाताना दिसतं त्याच्यासाठी.

या योजनेच्या नियमांत त्यांनी ते वाक्य घुसवलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारलेला सामाजिक अभ्यास हे विषय या स्कॉलरशिपमध्ये बसणार नाहीत. आणि कुठला विषय यात मोडतो, कुठला मोडत नाही हे ठरवणार कोण? निवड समिती. तिचा शब्द अखेरचा.

मी पोर्टवरचा माणूस. मला सरळ भाषेत कळतं. याचा सरळ अर्थ असा – पोरा, तू जा. पूल बांधायला शीक, इंजिन खोलायला शीक, औषधाची गोळी बनवायला शीक. पण तुझ्या गावच्या पाणवठ्यावर कुणाची सत्ता, तुझ्या आईचं मत कुणाच्या धाकात, तुझ्या वस्तीच्या नावानं आलेला पैसा कुणाच्या घशात, हे मात्र शिकू नकोस. शिकलास तर आमच्या पैशानं शिकू नकोस.

राज्यशास्त्र हा शब्द त्या वाक्यात नाही, हे मला ठाऊक आहे. नसायचाच. बंदी घालणारा कधी तिला बंदी म्हणत नाही. तुम्ही लंडनला जाऊन राज्यशास्त्र शिका, फ्रान्सच्या संसदेवर लिहा, नॉर्वेच्या निवडणुकांवर लिहा, कोण अडवतो? फक्त ज्या राज्यानं तुमच्या बापाला गटारात उतरवलं त्या राज्याकडं बोट करू नका. हे म्हणजे डॉक्टरकीला पाठवायचं आणि सांगायचं, सगळ्या जगाची नाडी बघ, स्वतःच्या आईची बघू नकोस.

काही शहाणे आता विचारतील, अरे हमाला, तुझं शिक्षण किती? दहावी पास. काम काय? न्हावा-शेव्याजवळच्या एका यार्डात कंटेनर भरायचे, खाली करायचे. ठेकेदाराचा माणूस. आज गेटपास आहे, उद्याची खात्री नाही. मग तुला ऑक्सफर्डशी आणि कोलंबियाशी काय करायचंय? कविता लिहितोस, त्या लिही की गुमान!

उत्तर देतो. माझ्यासमोर रोज डबे येतात. सीलबंद. आत काय आहे ते कागदावर लिहिलेलं असतं. कागद कुणी लिहिला? ज्यानं माल भरला त्यानं. वजन त्यानं सांगितलं, किंमत त्यानं सांगितली. आम्ही फक्त पाठ द्यायची. या देशाचं राज्यसुद्धा आमच्यापुढं असंच आलंय, सीलबंद. कायदा, बजेट, आराखडा, अधिसूचना. आत काय भरलंय ते दुसऱ्यानं लिहिलं, ओझं मात्र आमच्या पाठीवर. राज्यशास्त्र म्हणजे सील तोडून आतला माल मोजायची विद्या. ती विद्या ज्याच्याकडं आहे तो कस्टमचा साहेब. ज्याच्याकडं नाही तो हमाल. एवढं कळायला दहावी पुरते.

आणि मी ज्या जमिनीवर उभा राहून ओझं उचलतो त्या जमिनीचंच बघा ना. १९७० साली सिडको आली. ठाणे-रायगडच्या गावांची जमीन नव्या शहरासाठी काढली. पुढं न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी उरणच्या लोकांची जमीन आली निशाण्यावर. भाव सरकारनं ठरवला. दि. बा. पाटलांच्या मागं आगरी-कोळी शेतकरी उभा राहिला, तेव्हा १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई-दास्तान फाट्याच्या बाजूला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसं हुतात्मा झाली. त्या रक्तातनं साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. १९८९ ला बंदर सुरू झालं. आता मला सांगा, जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली म्हणजे सार्वजनिक कोण? भाव ठरवायचा अधिकार सरकारला कुठून आला? ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, जो पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबला, त्याच्या साडेबारा टक्क्यांचं काय? हे प्रश्न घेऊन आपल्यातलं एखादं पोरगं परदेशी विद्यापीठात गेलं असतं, तर समिती म्हणाली असती – भारतावर आधारलेला सामाजिक अभ्यास. बसत नाही. पुढचा!

म्हणजे गोळी बसते, विषय बसत नाही.

आता बाबासाहेबांकडं येऊ. कारण तेच लोक एका हातानं हे वाक्य लिहितात आणि दुसऱ्या हातानं बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतात.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत येऊन दहा वर्षं बडोद्यात नोकरी करायचा करार. तिथं ते ज्या विभागात शिकले त्याचं नावच फॅकल्टी ऑफ पोलिटिकल सायन्स. राज्यशास्त्र म्हणजे तिथं नुसतं मंत्री किती आणि खाती किती हे पाठ करणं नव्हतं. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, सगळं त्या एका छपराखाली. बाबासाहेबांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राजकारणाचे ३, वर फ्रेंच आणि जर्मनची तोंडओळख. हा माणूस राज्य नावाचं यंत्र पूर्ण खोलून बघत होता. पैसा कुठनं येतो, सत्ता कुठनं येते, जात कुठनं येते.

त्यांचे विषय काय होते? १९१५ ला एम.ए.चा प्रबंध, प्राचीन भारतातला व्यापार. १९१६ च्या ९ मे रोजी गोल्डनवायझरच्या चर्चासत्रात वाचलेला निबंध, भारतातल्या जाती, त्यांची घडण, उगम आणि प्रसार. पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर. पुढं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पोलिटिकल सायन्समध्ये (इथं तर नावातच राज्यशास्त्र आहे) १९२३ ला डी.एस्‌सी., विषय रुपयाचा प्रश्न. भारत, भारत, भारत आणि भारत. अमेरिकेवर एक नाही. इंग्लंडवर एक नाही.

समजा हा पंचविशीतला भीमराव त्या निवड समितीपुढं उभा आहे.

– विषय?
– प्राचीन भारतातला व्यापार.
– वारसा. इतिहास. चालणार नाही. दुसरा?
– भारतातल्या जाती.
– अरेरे! संस्कृतीपण आली आणि सामाजिक अभ्यासपण आला. दुसरा?
– भारतातल्या प्रांतांचा पैसा कोण गोळा करतो आणि कोण खर्च करतो.
– भारतावर आधारलेला दिसतो. समिती विचार करील. तुम्ही मेकॅनिकल का घेत नाही?

हसू नका. हे हसायचं नाही. ज्या वाक्यापुढं बाबासाहेब नापास होतात ते वाक्य बाबासाहेबांच्या लेकरांसाठी काढलेल्या योजनेत लिहिलंय.

आणि त्या शिक्षणाचं त्यांनी काय केलं तेही बघा, कारण भीती त्याचीच आहे. १९१९ च्या जानेवारीत मताधिकार ठरवायला साउथबरो कमिटी आली. तिच्यापुढं हा सत्तावीस वर्षांचा पोरगा साक्षीला उभा राहिला आणि त्यानं अस्पृश्यांना मत पाहिजे, स्वतःचे प्रतिनिधी पाहिजेत, हे राज्यशास्त्राच्या भाषेत मांडलं. मीही सत्तावीसचाच आहे. माझ्या वयाच्या त्या पोरानं साहेबाकडं भाकरी मागितली नाही, ताटात भाकरी किती पडायची हे ठरवणाऱ्या सभेत बसायची जागा मागितली. पुढं १९२८ ला सायमन कमिशन, १९३० पासून गोलमेज परिषदा. आणि १९२७ साल तर ध्यानात ठेवा. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह, जूनमध्ये कोलंबियाची पीएच.डी. रीतसर पदरात, डिसेंबरात महाडलाच मनुस्मृतीची होळी. महाड कुठं अमेरिकेत नाही. महाड आपल्या रायगडात आहे, उरणच्याच जिल्ह्यात. ग्रंथालय आणि तळं, दोन्ही एकाच वर्षात एकाच माणसाच्या हातात होती. म्हणून त्यांना आपली डिग्री नको असते. डिग्री नुसती भिंतीवर टांगायची असती तर त्यांनी सोन्याच्या चौकटीत घालून दिली असती.

सरकारी बाजूनं समर्थन असं केलं गेलं की भारतावरच्या विषयांचे तज्ज्ञ, ग्रंथ, साधनं भारतातच भरपूर आहेत, त्यासाठी परदेशात पैसा कशाला घालायचा?

ठीक आहे. मग हा नियम सगळ्यांना लावा की! पेठेतली, पार्ल्यातली, दक्षिण दिल्लीच्या बंगल्यातली पोरं ऑक्सफर्डला, केंब्रिजला, शिकागोला जाऊन भारतावरच पीएच.डी. करतात. भारतातल्या निवडणुका, भारतातली जात, भारतातली झोपडपट्टी. त्यांना विमानतळावर कुणी थांबवतं का? दाखवा बघू तुमचा विषय म्हणून? बापाच्या पैशानं जाणाऱ्याला विषय मोकळा. सरकारच्या पैशानं जाणाऱ्यालाच कुलूप. आणि सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा? काडेपेटी विकत घेतली तरी कर आम्हीपण भरतो. उद्या जगाच्या ग्रंथालयांत दलितांवरच्या पुस्तकांची रांग असेल, पण लिहिणारा दलित नसेल. आम्ही बेडूक, ते चिरणारे. आम्ही ओरडलो तर म्हणणार, बेडकाला वैज्ञानिक दृष्टी नाही!

इथं तज्ज्ञ आहेत म्हणता. आहेत. पण त्या तज्ज्ञाच्या दारात आपलं पोरगं गेल्यावर काय होतं ते हैदराबादनं दाखवलं. रोहित वेमुलाची फेलोशिप थांबली, वसतिगृहातनं बाहेर काढलं, आणि १७ जानेवारी २०१६ ला तो पोरगा गेला. परदेश म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. पण दारावर उभा असलेला पहारेकरी ओळखीचा नसला तर कधीकधी आत शिरायला मिळतं. बाबासाहेबांना कोलंबियात कुणी वेगळ्या पेल्यात पाणी दिलं नाही. १९१७ ला तेच बाबासाहेब बडोद्यात परत आले तेव्हा राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीतनं लाठ्या घेऊन लोकांनी बाहेर काढलं. विद्वत्ता तीच, माणूस तोच, फक्त जमीन बदलली होती.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. बाबासाहेबांनी सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं. त्यात परदेशात जमवलेली पुस्तकं होती. महायुद्ध चालू होतं. टॉर्पेडो लागला आणि बोट बुडाली. मी बंदरावर राबतो, मला हे वाचल्यावर झोप आली नाही. जगाच्या बाजारात पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी. तो टॉर्पेडो शत्रूचा होता. आताचा टॉर्पेडो घरातनं सुटतो आणि बोट बंदरातनं निघायच्या आधीच बुडते.

दुसरा एक युक्तिवाद आपल्यातलेच काही पांढरपेशे करतात. म्हणे बाबासाहेबांनीच १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी पैसे मागितले, नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणानं भागणार नाही म्हणाले. बरोबर आहे. मागितलेच. त्याच निवेदनात परदेशी शिक्षणासाठीही मागितले. पण मागणं आणि हिरावणं यात फरक आहे की नाही? त्यांनी आमच्या ताटात आणखी एक भाकरी वाढा म्हटलं, तुम्ही ताटातली दुसरी भाकरी काढून घेता आणि वर बाबासाहेबांचं नाव सांगता! आपला पोरगा इंजिनियर व्हावा, शंभर वेळा व्हावा. पण धरण बांधणारा इंजिनियर आणि धरणाचं पाणी कुठल्या कालव्यानं कुणाच्या शेतात जाणार हे ठरवणारा, ही दोन माणसं वेगळी असतात. पहिला नोकर आहे. दुसरा राज्य करतो.

तिसरा युक्तिवाद देशभक्तांचा. परदेशात जाऊन देशाची बदनामी होते. अरे, जखम दाखवणारा बदनामी करतो की जखम करणारा? आणि जगाला कळू नये म्हणून तुम्ही तोंड दाबताय, पण जात तर आपल्याआधीच विमानात बसून तिकडं पोचलीय. २०१९ ला अमेरिकेतल्या ब्रँडाइज विद्यापीठानं जातिभेदाविरुद्ध नियम केला. २०२२ च्या जानेवारीत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं केला. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअॅटल शहरानं कायद्यात जात हा शब्द घातला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसाच कायदा मंजूर केला तर ऑक्टोबरात गव्हर्नरनं नकाराधिकार वापरून तो पाडला. म्हणजे जातीवर तिथं कायदा होतोय, भांडण होतंय, राजकारण होतंय. आणि त्या भांडणात शास्त्र घेऊन उभी राहायची पोरं आम्ही पाठवायची नाहीत?

हा डाव फक्त आपल्यावर झाला असंही नाही. अमेरिकेतला काळा माणूस, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. १८९२ ला बर्लिनला शिकायला गेला. स्लेटर फंडाचे पैसे होते. दोन वर्षांनी फंडानं हात आखडता घेतला आणि बर्लिनची डॉक्टरेट राहून गेली. मग १८९५ ला हार्वर्डची पीएच.डी. घेतली. विषय कुठला? आफ्रिकेतनं अमेरिकेत होणारा गुलामांचा व्यापार कसा बंद पाडला गेला. म्हणजे स्वतःच्याच लोकांचा इतिहास. याच डुबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोघंही परदेशात शिकले, दोघांनीही स्वतःच्या जखमेवर प्रबंध लिहिले, आणि म्हणून दोघांना एकमेकांची भाषा कळली. हे असं सूत जुळतं ना, त्याची धास्ती आहे.

दिल्लीचं झालं. आता मुंबईचं बघा. आपलं महाराष्ट्र सरकार तरी काय सोवळं आहे? राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं २००३ पासून परदेशी शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी. वर्षाला जागा ७५. कोट्यवधी माणसांच्या राज्यात पंचाहत्तर! त्यातपण २०२४ च्या जूनमध्ये नवे नियम आणले. दहावीला ७५ टक्के पाहिजेत, बारावीला ७५, पदवीला ७५. वर पैशाला कमाल मर्यादा. आरडाओरडा झाला तेव्हा पाऊल मागं घ्यावं लागलं. पण मनात काय होतं ते दिसलं ना? बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ मार्क होते. काढा टक्के. चाळीससुद्धा भरत नाहीत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, दिव्याच्या उजेडात शिकलेल्या पोराचे ते मार्क होते. ७५ टक्क्यांची चाळण लावली असती तर घटना लिहिणारा माणूस खाली भुशात पडला असता.

आणि पैशाचं सोंग बघा. २०१५ ला लंडनमधलं किंग हेन्रीज रोडवरचं घर राज्य सरकारनं सुमारे ३० कोटी रुपयांना घेतलं, कारण बाबासाहेब शिकताना तिथं राहिले होते. घेतलं ते चांगलं केलं, मी नाही म्हणत नाही. इंदू मिलच्या जागेवर चौथऱ्यासकट ४५० फुटांचा पुतळा, हजार कोटींच्या वरचा हिशेब. होऊ द्या. पण २०२५ च्या जुलैत दिल्लीच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रं गेली, बाकीच्या ६६ जणांना कळवलं की निधी उपलब्ध झाला तर बघू. पुतळ्याला निधी उपलब्ध असतो. पुतळ्यासारखा विचार करणाऱ्याला नसतो. बाबासाहेब राहिलेली खोली विकत घेणार आणि त्या खोलीत जाऊन बाबासाहेबांसारखं शिकू पाहणाऱ्या पोराला दारात उभं करणार. ही कुठली भक्ती?

आमच्या तुर्भ्याच्या वस्तीत एक पोरगी आहे. नाव लिहीत नाही, तिची वाट आणखी अडायला नको. आई चार घरची भांडी घासते. पोरगी बी.ए.ला राज्यशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झाली. तिला शोधायचंय की राखीव वॉर्डातनं बाई निवडून येते, पण खुर्चीवर कोण बसतो, सही कोण करतो, टेंडर कोण वाटतो. आपल्या नाक्यावरचा प्रश्न! तो ती जगाच्या तराजूत घालून तोलू बघतेय. दुसऱ्या देशांत राखीव जागांवर आलेल्या बायकांचं काय होतं, ते कसे लढले, कायदा कसा बदलला. एका कचेरीत चौकशीला गेली तर खुर्चीतला साहेब म्हणाला, बाई, विषय बदल, तिकडच्या देशांवर काहीतरी लिही, पास होशील. ती म्हणाली, तिकडच्या देशात माझी आई निवडणुकीला उभी राहत नाही. आणि उठून आली.

शाबास! पण शाबासकीनं फी भरत नाही. इंग्रजीची परीक्षा एकदा द्यायची तर सतरा-अठरा हजार. माझी हजेरी दिवसाला साडेसहाशे. करा गुणाकार, सत्तावीस हजेऱ्या. नुसत्या एका परीक्षेला. मग प्रत्येक विद्यापीठाच्या अर्जाची फी डॉलरमध्ये, मार्कशीटच्या प्रती, पासपोर्ट. शिष्यवृत्ती मिळायच्या आधीचा हा खर्च कुठली योजना देते? म्हणजे पहिली चाळण पैशाची, दुसरी टक्क्यांची, तिसरी विषयाची. तिन्हीतनं जो खाली उतरेल त्याच्याबद्दल म्हणणार, बघा, लायक उमेदवारच मिळत नाहीत! न्हावा-शेव्याहून डबे रोटरडॅमला जातात, हँबर्गला जातात, न्यूयॉर्कला जातात. त्यांना कुणी विचारत नाही तुझे दहावीचे टक्के किती.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. कडू लागले तर लागू द्या.

जे गेले, शिकले आणि तिकडंच मुरले, आडनाव बदलून पार्टीत गुळगुळीत हसले, त्यांना मी गद्दार म्हणणार नाही. भीती काय चीज असते मला ठाऊक आहे. पण एवढं सांगतो, त्या साडेअकरा पौंडात सयाजीरावांचा पैसा होता आणि तुमच्या स्कॉलरशिपमध्ये माझ्या सत्तावीस हजेऱ्या आहेत. परत या असंही म्हणत नाही, तिकडं राहूनपण लढता येतं. फक्त जे शिकलात ते मराठीत लिहा. आमच्या वस्तीत पाठवा. साठ-साठ पौंडांची पुस्तकं लिहून एकमेकांच्या परीक्षणात वाहवा करणार असाल तर तुम्हीही सीलबंद डबेच. वर फक्त नाव आमचं.

आणि जे इथं चौकात जयंतीच्या डीजेवर लाखाचा धूर करतात त्या मंडळांना विचारतो, एका वस्तीनं एका वर्षी एका पोरीची परीक्षा-फी भरली तर निळा झेंडा खाली येईल का? डीजे दोन दिवसांत गप्प होतो. शिकलेली पोरगी पन्नास वर्षं बोलते.

म्हणून आमच्या मागण्या. विनंत्या नाहीत, मागण्या.

एक. २०२२ चं ते वाक्य नियमांतनं पुसा आणि पुन्हा कुठल्याही कागदावर दिसू देऊ नका. विषय विद्यार्थी ठरवील आणि त्याला शिकवणारं विद्यापीठ ठरवील. मंत्रालयानं फक्त चेक लिहायचा.

दोन. जितके निवडले तितक्यांना पत्र, आणि पत्राबरोबर पैसा. निधी उपलब्ध झाल्यास हे शब्द बंद.

तीन. परीक्षा, अर्ज, पासपोर्ट यांचा खर्च आधी द्या. नापास झाला तरी परत मागू नका. मंत्र्यांचे दौरे नापास झाले म्हणून कुणी पैसे परत मागितले आहेत का?

चार. राज्याच्या ७५ जागा वाढवा, आणि मॅट्रिकच्या टक्क्यांची गोष्ट पुन्हा काढू नका. २८२ हा आकडा मंत्रालयाच्या दारावर लिहून ठेवा.

या मागण्या मान्य होईपर्यंत आपण काय करायचं? वाट बघायची नाही. वस्तीवस्तीत राज्यशास्त्र सुरू करायचं. महापालिकेचं बजेट मिळवा आणि वाचा. वॉर्डाचा निधी मोजा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहावी पास माणूससुद्धा लिहू शकतो, मी लिहिलेत. ठेकेदाराच्या मस्टरवर कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत ते तपासा. हे सगळं भारतावर आधारलेलं आहे. हे सगळं सामाजिक आहे. आणि याला कुठल्याही समितीची परवानगी लागत नाही.

आम्ही इंजिनं शिकू. राज्यही शिकू. इथं शिकू, तिथंही शिकू. ज्यांनी हजारो वर्षं आमच्या कानात शिसं ओतायचे कायदे केले त्यांना वाटलं असेल एका वाक्यानं भागेल. शिसं कानात जिरलं, आम्ही तरीही ऐकलं. हे तर नुसतं कागदावरचं वाक्य आहे.

जयभीम.